कोरड्या विहिरीतला रंग

गोठा कसा धुवायचा

आधी गाई बाहेर काढायच्या. मग वरच्या कोपऱ्यापासून बादलीने पाणी मारत यायचं आणि खराट्याने सगळं, शेण, मूत, तुडवलेला चारा, उताराने पन्हळीत ढकलायचं. उभ्याने होत नाही, कंबर मोडून करावं लागतं. पन्हळ मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते. बाहेर विहीर आहे. विहीर गिळते.

ही विहीर वहिनीच्या सासऱ्यांनी खणली होती आणि तिला पाणी लागलं नव्हतं. सासरे गेले, खड्डा राहिला. पूर्वी शेण शेतात जायचं. पण शेत खालच्या आळीच्याही पलीकडे, वाहणारा गडी दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेला, आणि तिच्या नवऱ्याला, थोरल्याला, ही विहीर आठवली. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ गोठ्यातलं सगळं तिच्यात जातं आणि ती भरत नाही. थोरला पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, "पाणी दिलं नाही बयेने, पण घेताना कधी नाही म्हणाली नाही."

ते कुठे जातं, हे कोणी विचारलं नव्हतं. ढकलायचं काम वहिनीचं होतं. तिनेही विचारलं नव्हतं. हातांचा वास साबणाने जात नसे. जेवताना ती चमचा वापरायची आणि घरातले तिला मडम म्हणायचे.

तक्रार

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला आणि खालच्या आळीच्या विहिरी तळाला गेल्या. तळाचं पाणी घाण मारायला लागलं. आळीतली मुलं एकामागून एक जुलाबाने झोपली. शिंपिणीची मुलगी तर इतकी वाळली की आईने तिचे फ्रॉक उसवून दोनदा आत घेतले.

शिंपीण गावच्या बैठकीत उभी राहिली. "आमच्या पाण्याला गोठ्याचा वास येतो," ती म्हणाली. "वर गोठा एकच आहे."

थोरला म्हणाला, "माझं शेण माझ्या विहिरीत जातं. तुमच्या अंगणात आलंय का कधी?"

"आलंय. घागरीतून येतं."

"सिद्ध कर."

बैठकीतल्या म्हाताऱ्यांनी तेवढंच उचललं. सिद्ध झालं तर गोठा बंद. नाही झालं तर शिंपिणीने पुन्हा तोंड उघडायचं नाही. थोरला घरी येऊन पोटभर जेवला. वहिनीने आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. गोठा बंद म्हणजे चूल बंद, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सभागृह

त्याच आठवड्यात थोरल्याची धाकटी बहीण आली. ती शहरातल्या संस्थेत जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायची. गावात तिला डॉक्टरीणबाई म्हणत. तिने कितीदा सांगितलं की मी पाण्याची डॉक्टर, तरी कोणी ना कोणी पायजमा वर करून गुडघा दाखवायचाच.

संस्थेने तिला भाषणाला पाठवलं होतं. लोकांपर्यंत विज्ञान न्यायचं, असा वरून हुकूम होता. बरोबर तिचे साहेब होते, पडदा होता, फोटो काढणारा होता.

सभागृहात पंखे बंद होते. धाकटीने पडद्यावर खडकांची चित्रं दाखवली, भेगा दाखवल्या, बाण दाखवले. ती चांगलं बोलत होती. पण बोलता बोलता साहेबांकडे बघायची आणि एखादा जड शब्द वाढवायची. पुढच्या रांगेत न्हावी झोपला. त्याचं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर गेलं, शेजाऱ्याने ते परत जागेवर ठेवलं.

"काही प्रश्न?" शेवटी धाकटीने विचारलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, "झालं का?"

हशा पिकला. साहेबांनी हात वर केला, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. लोक उठले. शिंपीण तेवढी बसून होती.

"बाई, तुमच्या बाणांचं मला काही कळलं नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, वरचं पाणी माझ्या विहिरीत येतं का?"

धाकटी म्हणाली, "येऊ शकतं. तपासावं लागेल."

"मग इतका वेळ काय चाललं होतं?"

धाकटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साहेब पडदा गुंडाळत म्हणाले, "छान झालं हं. गर्दी चांगली होती."

स्वयंपाकघर

"वन्सं, जेवा," वहिनी म्हणाली.

"नको."

"त्या म्हातारीचं मनावर घेऊ नका. ती लग्नातसुद्धा विचारते, झालं का म्हणून."

धाकटी हसली नाही. थोड्या वेळाने जेवत बसलेल्या थोरल्याला म्हणाली, "दादा, तुझ्या विहिरीत रंग टाकू देशील? पूड असते. पाण्यात पडली की हिरवी होते. माणसाला, गुरांना काही होत नाही. ती जिथे निघेल तिथे तुझं पाणी जातं."

थोरला भाकरी मोडत होता. "टाक की. नदीत निघेल, नाहीतर कुठेच नाही. त्या शिंपिणीचं तोंड एकदाचं बंद होईल."

"दादा, नीट ऐक. मला वाटतं, रंग खालच्या आळीतच निघेल."

त्याचा हात थांबला. वहिनीने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं.

"तुला वाटतं," तो म्हणाला. "माहीत नाही ना?"

"माहीत नाही."

"मग टाक. सगळ्या गावाला बोलावून टाक. मी चोर नाही."

"वन्सं," धाकटीबरोबर भांडी विसळताना वहिनी हळू आवाजात म्हणाली, "निघाला तर आम्ही खायचं काय?"

धाकटीने फडकं घेतलं. ताट पुसलेलं होतं, तेच पुन्हा पुसत राहिली.

न्हाव्याच्या दुकानात

या वेळी धाकटीने भाषण केलं नाही. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली, खडूने फरशीवर गाव काढलं, गोठा काढला, विहिरी काढल्या, आणि जो येईल त्याला विचारलं: रंग कुठे निघेल?

"नदीत," थोरला म्हणाला.

"माझ्या विहिरीत," शिंपीण म्हणाली.

"कुठेच नाही, खडक आहे खाली," सुतार म्हणाला. "मी पाया खणलेत. पहार तुटते."

"पण खडकाला भेग असते," धाकटी म्हणाली.

"किती रुंद?"

"नखाएवढीसुद्धा पुरते."

सुताराने नख पाहिलं. मग उठून घरी गेला, आणि पायाच्या वेळचा एक फुटका दगड घेऊन आला. वर पाणी ओतलं. खालून टिपकलं. तो बराच वेळ त्या दगडाकडे बघत होता, जणू त्याने आपल्याला फसवलं होतं.

"माझं ऐका," न्हावी म्हणाला, "रंग देवळामागच्या हौदात निघणार. नाही निघाला तर वर्षभर सगळ्यांची दाढी फुकट."

"तुझ्या हातची दाढी फुकट म्हणजे शिक्षा आम्हालाच," कोणीतरी म्हणालं.

संध्याकाळपर्यंत फरशीवर खुणाच खुणा. ज्यांनी सभागृहात डुलक्या काढल्या होत्या ते आता भेगांवरून भांडत होते. "झालं का?" विचारणारी ती म्हातारीही आली. तिने काठीचं टोक एका विहिरीवर टेकवलं आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "माझ्या सासूच्या वेळेपासून हिचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं. कुठूनतरी येतच असणार."

"आजी, हे मला सभागृहात का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठे?"

धाकटीने प्रत्येक विहिरीची राखण त्या त्या आळीकडे दिली. जाळीच्या पिशव्यांत कोळसा बांधून विहिरींत सोडला. रंग डोळ्याला दिसला नाही तरी कोळसा तो धरून ठेवतो आणि खास दिव्याखाली दाखवतो, असं तिने सांगितलं. मग डबा दाखवला. पूड तपकिरी होती.

"हिरवी म्हणालीस ना?" थोरला म्हणाला.

"पाण्यात पडू दे."

डबा

वहिनीने गोठा धुतला. पन्हळ वाहू लागली. धाकटीने चमचाभर पूड विहिरीत सोडली, वरून पाणी ओतायला सांगितलं आणि खाली पिशव्या बघायला गेली. डबा कठड्यावर राहिला.

थोरल्याने विहिरीत वाकून पाहिलं. काळोखात एक हिरवी रेघ गेली आणि संपली.

"एवढ्याने काय होतंय?" तो म्हणाला.

"वन्सं म्हणाल्या, पुरे."

"तिला शेतीतलं काय कळतं? औषधाच्या पाकिटावर एक माप लिहितात, दोन टाकावं लागतं. आयुष्यभर टाकत आलोय." त्याने डबा उचलला. "अर्धवट काम करून उद्या म्हणतील, भावाला वाचवायला बहिणीने चिमूटभर टाकलं."

वहिनी म्हणाली, "राहू द्या हो."

त्याने डबा उपडा केला. तळाला दोन थापा मारल्या. मग वरून गोठ्याच्या हौदातलं सगळं पाणी सोडलं.

सकाळ

शिंपिणीने घागर ओढली आणि दोर तसाच धरून उभी राहिली.

पाणी हिरवं होतं. तिच्या दुकानात तसं एक कापड पडून होतं, इतकं भडक की कोणी बाहुलीलासुद्धा घेत नव्हतं. तसं. ऊन पडलं तिथे तर ते जळत होतं.

खालच्या आळीच्या चारही विहिरी तशाच. कोळसा नको, दिवा नको.

आधी लोक हसले. हे खरं आहे. बायका ओंजळी भरून बघत होत्या, एकीने दुसरीच्या गालाला बोट लावलं, सुतार विहिरीभोवती फिरत म्हणत होता, "खडकातून आलं, बघा, खडकातून." न्हाव्याला सगळ्यांनी दाढी करायला बोलावलं. धाकटी ओल्या पायऱ्यांवर उभी होती आणि तिला डबा रिकामा झाल्याचं आधीच कळलं होतं, तिने कपाळावर हात मारूनही घेतला होता. तरी तीही हसत होती. दगडाच्या आतून पाणी चालत आलं होतं आणि सगळ्या गावाने ते पाहिलं होतं.

मग शिंपीण म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं आपण..."

कोणी हसेनासं झालं.

जिच्या गालाला बोट लागलं होतं त्या बाईने पदराने गाल पुसला. पुन्हा पुसला.

साहेब

वर गोठ्यात वहिनीने गाई बाहेर काढल्या होत्या आणि खराटा हातात घेऊन ती नुसती उभी होती. पन्हळीच्या तोंडाशी हिरवा डाग वाळला होता.

बायका चढण चढून आल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. प्रत्येकीने हिरवी घागर आणली होती. ती गोठ्याच्या दारात ठेवायची आणि बाजूला उभं राहायचं. थोरला दारात होता. घागरी वाढत गेल्या तसा तो मागे सरत गेला आणि शेवटी गाईच्या गव्हाणीला टेकला.

तेवढ्यात साहेबांची जीप अंगणात येऊन थांबली. बातमी शहरात पोचली होती. साहेब उतरले, हातात बॅटरीचा कर्णा.

"काय केलंत हे?" ते धाकटीला बाजूला घेऊन म्हणाले, पण अंगण लहान होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. "परवानगी नाही, अहवाल नाही. लोक घाबरलेत."

"घाबरलेत. पण दोन वर्षं पीत होते तेव्हा घाबरायला हवं होतं."

"मी जाहीर करतो, रंग चुकून सांडला. दोन-तीन दिवसांत जाईल, मग पाणी पूर्ववत. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि मान हलवा. बाकीचं अहवालात बघू."

"पूर्ववत म्हणजे कसं, सर? जसं होतं तसंच ना?"

"शब्दात पकडू नका. या प्रकल्पात राहायचंय ना तुम्हाला?"

वहिनीने पाहिलं, धाकटीने पायाची बोटं जमिनीत रोवली. लहानपणी पोहायला शिकताना ती अशीच काठावर उभी राहायची.

"माझं नाव काढा, सर," धाकटी म्हणाली. "पण मी मान हलवणार नाही."

गर्दीतून एक जण म्हणाला, "इतकं निरुपद्रवी आहे तर पिऊन दाखवा की बाई."

साहेबांनी पटकन मान डोलावली. "प्या. एक घोट. लोकांना धीर येईल."

कोणीतरी पेला भरून पुढे केला. धाकटीने तो घेतला, उन्हात धरला. सगळं अंगण त्या हिरव्याकडे बघत होतं.

"यातला रंग मी आत्ता पिईन," ती म्हणाली. "तो मला वेगळा काढून द्या. या पेल्यात स्वच्छ असं काही असेल तर तो रंगच आहे. बाकी जे आहे ते काल बिनरंगाचं होतं आणि परवा पुन्हा बिनरंगाचं होईल. तेव्हाही पिऊ नका. उकळल्याशिवाय मुलांना थेंबही देऊ नका. हिरवं गेलं म्हणजे ते गेलं असं तुम्हाला कोणीही सांगितलं, मी सांगितलं, यांनी सांगितलं, तरी ऐकू नका."

तिने पेला साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी कर्णा जीपच्या बॉनेटवर ठेवून तो घेतला आणि आता कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

थोरल्याने ते सगळं ऐकलं. मग तो वळला, फावडं घेतलं आणि गोठ्यातलं शेण भिंतीच्या भोकाकडे ओढायला लागला. दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि हे रोजचं होतं.

वहिनी भोकासमोर जाऊन उभी राहिली.

"सरक," तो म्हणाला.

"नाही."

"मग कुठे टाकू? डोक्यावर घेऊ?"

"अंगणात टाका."

"लोकांसमोर?"

"लोकांच्या पोटात टाकत होतो तेव्हा नाही लाज वाटली. मी टाकत होते, माझ्या हातांनी, रोज. आता या भोकातून काही जायचं नाही. जाईल तर माझ्यावरून."

तिने गव्हाणीवरचं गोणपाट ओढलं, शेणात बुडवलं आणि भोकात कोंबलं. मग खराटा फिरवला आणि पहिला लोट पुढच्या दाराने अंगणात सोडला. लोक बाजूला झाले. लोट घागरींना वळसा घालून गेला आणि जीपच्या चाकांशी जाऊन थांबला. दुसरा लोट आला. चालक म्हणाला, "साहेब, बुटांकडे बघा."

साहेब पेला सांभाळत जीपमध्ये चढले. कर्णा बॉनेटवरच राहिला.

थोरल्याने तो उचलला. बटण कुठे ते त्याला माहीत नव्हतं. त्याने तो तसाच तोंडाशी धरला.

"माझंच आहे," तो म्हणाला. कर्णा बंद असल्यामुळे आवाज त्याचाच, बारीक आला. "खाली जे येतं ते माझ्या गोठ्याचं आहे. सिद्ध झालं."

शिंपीण पुढे आली.

"ठरलं होतं," ती म्हणाली. "सिद्ध झालं तर गोठा बंद."

"गोठा बंद केला तर आम्ही मरू. विहीर बंद करतो. आजपासून. शेण शेतात जाईल, मी नेईन."

"तू? तू तर मागे म्हणालास, माणूस मिळत नाही."

"मी नेईन," वहिनी म्हणाली.

शिंपिणीने आपली घागर उचलून बाजूला ठेवली. मग धाकटीला म्हणाली, "महिन्याने पुन्हा गोठ्याच्या पन्हळीत रंग टाकायचा. दर महिन्याला. कसा टाकतात, किती टाकतात, कोळसा कसा बघतात, मला शिकवून जा. यांचं म्हणणं मी ऐकणार नाही आणि तुमचंही नाही. मी बघणार." ती थोरल्याकडे वळली. "एकदा जरी हिरवं निघालं, तर मी माझ्या हाताने गाई सोडीन."

"सोड," थोरला म्हणाला.

"मला पण शिकवा," सुतार मागून म्हणाला.

म्हातारी म्हणाली, "आधी बसायला द्या तिला. सकाळपासून उभी आहे पोर."

रस्ता

हातगाड्यावर पिंपं. पिंपांत गोठा. थोरला पुढून ओढत होता, वहिनी मागून ढकलत होती. शेताचा रस्ता खालच्या आळीतून जातो, दुसरा नाही. गाडा खड्ड्यात आदळला की झाकणाखालून शिंतोडे उडत आणि वहिनीच्या दंडांवर वाळत. माश्या बरोबरच चालत होत्या.

लोक दारांत आले होते. कोणी मदतीला आलं नाही, आणि तिची तशी अपेक्षाही नव्हती. एका ओट्यावर एक पुरुष खुर्ची टाकून बसला होता. त्याने रुमाल काढून नाक दाबलं.

"काय हा वास," तो म्हणाला. "रोज न्यायचं का हे आमच्या दारावरून?"

थोरल्याची मान खाली गेली. गाडा मंदावला.

वहिनी थांबली. तिने गाड्याच्या दांड्यावरचा हात काढला, कमरेवर ठेवला, पाठ सरळ केली. हाडं कडकड वाजली.

"रोज," ती म्हणाली. "दोनदा. नाक दाबा नाहीतर उघडं ठेवा. पण डोळे उघडे ठेवा, कुठे चाललंय ते दिसू द्या सगळ्यांना." आणि थोरल्याला म्हणाली, "ओढा. चढ आहे पुढे."